बमरोलीची दुसरी पाळी

सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सुरतच्या दक्षिण पट्ट्यात दिवस या दोन वेळांनी मोजला जातो. पांडेसरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाई-छपाईच्या मिला आणि आजूबाजूची यंत्रमागांची लूमखाती या वेळी एक पाळी बाहेर सोडतात आणि दुसरी आत घेतात. सुटलेली माणसं सायकलींवरून, शेअर रिक्षांतून, कितीतरी जण पायीच बमरोलीकडे वळतात. बारा तास उभं राहून आलेला माणूस आता जेवेल आणि झोपेल, असं कुणालाही वाटेल. पण बमरोलीच्या गल्ल्यांत याच वेळी दुसऱ्या पाळीची तयारी चाललेली असते. कुणी हातपाय धुऊन रिक्षाची चावी उचलतो. कुणी जेवणाच्या ऑर्डरींची चौकोनी पिशवी पाठीवर चढवतो. कुणाच्या दारात उद्याच्या पोह्यांसाठी कांद्याचं पोतं उतरतं. आणि घराघरांत साड्यांचे गठ्ठे सुटतात, लहान कातऱ्या बाहेर निघतात, बायका भिंतीला पाठ टेकवून कामाला लागतात.

ही पाळी कुठल्याही हजेरीपुस्तकात नाही. तिचा भोंगा वाजत नाही, तिला सुट्टीचा वार नाही. पण ती बंद पडली तर महिन्याच्या वीस तारखेनंतर अनेक चुली कशाबशा पेटतील.

नोकरी सांभाळून जादा कमाई कशी करावी, हे सांगणारे हल्ली पुष्कळ आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा असा नोकरदार असतो, ज्याची संध्याकाळ मोकळी असते आणि शनिवार-रविवार हातात असतो. बमरोलीतल्या कामगाराला मोकळा वेळ असा मिळत नाही. तो त्याला झोपेतून, मुलांच्या सहवासातून, घरातल्या बाईच्या विसाव्यातून काढावा लागतो. म्हणून इथे हा प्रश्न फार स्पष्ट होऊन समोर येतो. कुठल्या जादा कामाने माणूस वर येतो आणि कुठल्या कामाने तो नुसता झिजतो?

खानदेशाची सुरत

बमरोली हे मुळात सुरतलगतचं गाव. २००६ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढली, तेव्हा शहराभोवतालच्या गावांबरोबर ते शहरात आलं. शेतांच्या जागी सोसायट्या, चाळी, गाळे उभे राहिले. महापालिकेने इथे उभारलेला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला. शहराचं सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगं करून तो दिवसाला ४ कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसऱ्याच्या मिलांना पुरवू शकतो. कापड रंगवायला पाणी अफाट लागतं. म्हणजे मिलांना हातही बमरोलीचे आणि पाणीही बमरोलीचं.

या भागातल्या मराठी वस्तीचं मूळ बहुतांशी तापीकाठी आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेने सुरतेला खानदेशाशी जोडलं आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही गावं सुरतेच्या दारात आली. मुंबईपेक्षा सुरत जवळ, भाडं कमी, रात्री निघावं आणि सकाळी कामावर उभं राहावं. पाऊस दगा द्यायचा, कापसाचा भाव पडायचा, आणि दर पडझडीनंतर गाडीत आणखी काही कुटुंबं चढायची. १९८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या थंडावत गेल्या आणि सुरतेतले यंत्रमाग वाढत गेले. कृत्रिम धाग्याची साडी देशभर पोहोचली, तसे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान आणि बमरोली हे भाग खानदेशी माणसांनी भरले. उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण २०१९ मध्ये देशाला अर्पण झालं. त्याच्याही आधीपासून इथल्या लोकांना गाव परकं कधी झालंच नव्हतं.

म्हणून श्रावणात इथे खानदेशची कानबाई देवी बसते, रोट होतात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला खापरावर मांडे पडतात. गल्लीत अहिराणी ऐकू येते, नळावर गुजराती, दुकानात हिंदी. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्या जोडीला मराठी माध्यमही आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील हे या भागातून लोकसभेवर जातात. मतांच्या हिशेबात खानदेशी माणूस सुरतेत मोजला जातो. मजुरीच्या हिशेबात त्याची गणना अजून नीट व्हायची आहे.

ओडिशातून येणारा कामगार बहुधा एकटा येतो आणि खोलीत दहा जणांबरोबर राहतो. खानदेशी कामगार पुष्कळदा बायकामुलांसह येतो. त्यामुळे त्याचा खर्च खोलीच्या भाड्यावर आणि जेवणावर थांबत नाही. शाळेची फी, म्हाताऱ्यांचं औषध, गावच्या लग्नाचा आहेर, भाऊबंदकीतल्या जमिनीची वाटणी, सगळं त्याच पगाराच्या अंगावर येतं. जादा कमाईचं कारण विचारलं की या गल्ल्यांत बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: पगारमा भागस नही, भाऊ.

पगार का पुरत नाही

लूमवरच्या कारागिराला अनेक ठिकाणी मीटरवर मजुरी मिळते. जितकं कापड निघेल तितके पैसे. वीज गेली, बीम संपला, धागा तुटत राहिला, तर तो वेळ त्याच्या खिशातून जातो. महिन्याच्या मध्ये खर्ची मिळते, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, आणि मग पगाराच्या दिवशी ती वजा होते. खाडा पडला तर कपात. दिवाळीआधी मालाची मागणी चढते, तेव्हा रात्रंदिवस काम. दिवाळी झाली की खाती बंद होतात आणि ती पुन्हा पुरती सुरू व्हायला दोन-तीन आठवडेही जातात. मीटरवर काम करणाऱ्याला त्या दिवसांचं काही मिळत नाही. ज्या सणासाठी देश नव्या साड्या घेतो, तो सण उरकला की साडी विणणाऱ्याचा हात रिकामा असतो.

आता आकडे पाहू. गुजरात सरकारने २०२३ मध्ये किमान वेतनात वाढ केली. महापालिका हद्दीत अकुशल कामगाराचं मूळ वेतन महिन्याला ११,७५२ रुपये, अर्धकुशलाचं ११,९८६ आणि कुशलाचं १२,३२४ रुपये ठरलं. रोजाने पाहिलं तर अकुशलाला ४५२ रुपये. आठ तासांनी भागलं की तासाला ५६ रुपये ५० पैसे. महागाई भत्ता त्याच्या वर. ५६ रुपये ५० पैसे हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या हिशेबाला तोच आधार आहे.

कारखान्यांचा १९४८ चा कायदा सांगत होता की आठवड्याला ४८ तासांपेक्षा आणि दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर त्या जादा वेळेला दुप्पट दर द्यावा लागेल. अकुशलाच्या मूळ वेतनावर तो दर तासाला ११३ रुपये होतो. याचा अर्थ, कामगाराची पहिली आणि सर्वांत चांगली जोडकमाई त्याच्या मूळ नोकरीतच असायला हवी होती. बारा तासांच्या पाळीतले वरचे तास दुप्पट दराने मिळाले असते, तर कितीतरी घरांत दुसरं काम शोधायची वेळ आली नसती.

करोनाच्या काळात हा दुप्पट दरच धोक्यात आला होता. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने एका अधिसूचनेने बारा तासांच्या पाळीला मुभा दिली आणि जादा तासांना साध्याच दराने पैसे देण्याची सवलत कारखान्यांना दिली. गुजरात मजदूर सभेने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. साथीचं संकट हे कामगाराचा दुप्पट मोबदला काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०२५ मध्ये राज्याने कायद्यातच बदल करून दिवसाला बारा तासांपर्यंत मुभा दिली, पण आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवली आणि जादा वेळेचा दुप्पट दरही. कागदावर पाहिलं तर बारा तासांच्या चार पाळ्या झाल्या की आठवडा भरतो. बमरोलीतला कामगार सहा-सात पाळ्या करतो. पाचव्या पाळीपासूनचा दुप्पट दर मागायचा कुणी, कुणाकडे आणि कुठला पुरावा दाखवून? सुरतेतली अनेक लूमखाती कारखाना म्हणून नोंदलेलीच नाहीत, दुकाने-आस्थापना म्हणून नोंदलेली आहेत. हातात पगारपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही.

त्याच १९४८ च्या कायद्यात आणखी एक कलम होतं, साठावं. एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी त्याच कामगाराला दुसऱ्या कारखान्यात कामाला लावू नये, असं ते सांगत होतं. थकलेल्या माणसाचा हात यंत्रात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. गावाला गेलेल्या सोबत्याची ‘बदली’ भरण्यासाठी दिवसपाळी करून रातपाळीला उभा राहणारा माणूस जेव्हा रोलरजवळ डुलकी खातो, तेव्हा हे कलम किती शहाणपणाचं होतं ते कळतं. माझं स्पष्ट मत आहे की जोडकमाईच्या सगळ्या प्रकारांत डबल पाळी हा सर्वांत वाईट प्रकार आहे. पैसे रोख मिळतात हे खरं, पण ते शरीर गहाण ठेवून मिळतात.

घरात आलेलं खातं

एम्ब्रॉयडरीचं यंत्र एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जातं, तेव्हा मध्ये धागा लोंबता राहतो. तो कापल्याशिवाय साडी दुकानात जात नाही. हे काम यंत्राला जमत नाही असं नाही, पण घरातल्या बाईकडून ते स्वस्तात होतं. तशीच खडे चिकटवण्याची, टिकल्या लावण्याची, काठाला लेस जोडण्याची, घडी घालून पिशवीत भरण्याची कामं. रिंग रोडवरच्या कापड बाजारातल्या व्यापाऱ्याकडून माल जॉबवर्क करणाऱ्याकडे येतो, त्याच्याकडून गल्लीतल्या एखाद्या दलालाकडे किंवा दलालीणबाईकडे, आणि तिच्याकडून घराघरांत. दर ठरतो नगावर. मधल्या प्रत्येक पायरीवर थोडे पैसे गळतात आणि शेवटच्या पायरीवर जे उरतं ते बाईच्या हातात पडतं.

या कामाचं आकर्षण उघड आहे. लहान मूल सोडून बाहेर जावं लागत नाही. सासूबाईंची देखभाल होते. कुणाची परवानगी मागावी लागत नाही. एखादी ताई सांगते की दुपारी टीव्ही बघतच करतो, बसल्याजागी दोन पैसे सुटतात. हे बोलणं मनापासूनचं असतं आणि ते हलकं लेखू नये. स्वतःच्या हातात स्वतःचे पैसे येणं ही या घरांतली मोठी गोष्ट आहे. गॅस संपला तर नवऱ्याच्या पगाराची वाट पाहावी लागत नाही, मुलीची वही आजच घेता येते.

पण हिशेब तासांत मांडला की चित्र बदलतं. धरून चालू की एका साडीचे धागे कापायचे दोन रुपये मिळतात आणि तासाला आठ साड्या होतात. म्हणजे तासाला सोळा रुपये. रोज पाच तास बसलं तर ऐंशी. महिन्याला दोन-अडीच हजार रुपये डोळ्यांना भरीव दिसतात, पण तासाचे सोळा रुपये किमान वेतनाच्या तासाच्या ५६ रुपये ५० पैशांशी ताडून पाहिले तर ते तिसऱ्या हिश्शालाही पोहोचत नाहीत. कातरी तिची, दिव्याची वीज तिची, जागा तिची. डाग पडला तर कपात तिची. खडे चिकटवायच्या गोंदाचा वास बंद खोलीत सगळ्यांच्या छातीत जातो, मान आणि डोळे दुखतात, आणि माल तातडीचा असला की शाळेतून आलेली पोरंही हातात कातरी धरतात. दहा वर्षं हे काम केल्यावर बाईकडे नवं कौशल्य उरत नाही, गिऱ्हाईक उरत नाही, नाव उरत नाही.

कायद्याने मात्र तिला पूर्वीच पाहिलं होतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कामगाराच्या व्याख्येत अशी माणसंही धरली होती, ज्यांना माल घरी नेऊन तो तयार करायला, सजवायला किंवा पूर्णतेला न्यायला दिला जातो. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी मजुरी पडू नये, हेही त्यात होतं. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात घरी काम करणाऱ्यांची वेगळी व्याख्या आली. घरी माल आणून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मेसचा डबा आणि गिरणगावचा धडा

सुरतेत २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास स्त्रिया होत्या. एकटे राहणारे लाखो कामगार, असा त्या आकड्याचा अर्थ. त्यांना दोन वेळचं जेवण लागतं. त्यातून बमरोली-पांडेसऱ्यात मेस चालतात, डबे जातात, पहाटे पोह्यांच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, लागतात. नवरा मिलमध्ये, बायको चुलीवर आणि संध्याकाळी डबे पोहोचवायला थोरला मुलगा, अशी ही कामाची वाटणी असते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबड्यांच्या ऑर्डरी, आखाजीला मांडे, पाहुणे आले की शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. खानदेशी चव हे इथल्या बायकांचं भांडवल आहे आणि ते कुणा व्यापाऱ्याकडून उसनं आणावं लागत नाही.

मराठी माणसाला हे चित्र नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळींत जेवायचे आणि त्या खानावळी कामगारांच्याच बायका चालवायच्या. धान्य उधारीवर, भांडवल सावकाराकडून, व्याज डोईजड. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईला बँकेने दारात उभं करावं, हीच तेव्हा मोठी लढाई होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संपलाच नाही, आणि अडीच लाख कामगारांच्या घरांत जेव्हा पगार थांबला तेव्हा पुष्कळ घरं बायकांच्या अशा कामांवर तगली. मुंबईतच १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार मानली जाते.

धागे कापण्याच्या आणि डबे देण्याच्या कामात फरक आहे तो इथे. दोन्ही कामं घरात होतात, दोन्ही थकवतात. पण डबा देणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक तिचं स्वतःचं असतं, दर तीच सांगते, आणि तिच्या हातची चव दुसऱ्याला चोरता येत नाही. तिला अडचणी येतात त्या वेगळ्या. उधारी बुडते, गावी गेलेला कामगार परतत नाही, गॅस महागतो. यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या व्यवसायाला अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपये शुल्कात होते, आणि ती असली की एखाद्या खात्याचे किंवा कार्यालयाचे एकगठ्ठा डबे मागता येतात. लारी लावणाऱ्याला २०२० पासून पीएम स्वनिधी योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळतं. सुरुवातीला पहिला टप्पा १०,००० रुपयांचा होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला. वेळेवर फेडलं की पुढचा मोठा टप्पा खुला होतो.

बस्ता, मोबाइल आणि फसवणुकीचे सापळे

खानदेशात लग्न ठरलं की बस्त्यासाठी सुरत गाठायची रीत जुनी आहे. नवरीच्या साड्या, मानपानाच्या साड्या, पाहुण्यांचे आहेर, सगळं एकदम घेतलं की भावात फरक पडतो. या व्यवहारात बमरोलीतला नातेवाईक फार महत्त्वाचा असतो. कुठल्या मार्केटात काय मिळतं, कुठला कापडाचा पोत टिकतो, कुठला माल दुय्यम आहे, हे त्याला हाताला कळतं, कारण ते कापड त्याने स्वतः विणलेलं किंवा रंगवलेलं असतं. हेच ज्ञान काही जणांनी जोडधंद्यात उतरवलं आहे. गावी जाताना वीस-पंचवीस साड्या न्यायच्या, भाऊबंदांत, बचतगटात, शाळेतल्या बाईंना दाखवायच्या. घरातली बाई मोबाइलवर फोटो टाकते, ऑर्डर घेते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोसारख्या कंपन्यांनी तर घरबसल्या साडी विकणं देशभर नेलं.

या धंद्यात माणसाचं ज्ञान कामाला येतं, म्हणून मी त्याला वरचं स्थान देतो. त्याचा शत्रू एकच, उधारी. नात्यात विकलेली साडी नात्यातच अडकते. ज्यांनी अर्धे पैसे आधी आणि उरलेले माल हातात देताना, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला, त्यांचा धंदा टिकतो. संकोच वाटतो, पण तो एकदाच.

शिलाई यंत्र घेऊन फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणाऱ्या बायका, संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्या मुली, सणाच्या आधी मेहंदी आणि पार्लरचं काम घेणाऱ्या, या सगळ्या याच रांगेत बसतात. ज्या कुटुंबांनी पंधरा-वीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन स्वतःचं घर बांधलं, ती वर एक खोली चढवून भाड्याने देतात. झोपेतही चालू राहणारी इथली कमाई बहुधा ही एकच.

रिक्षा आणि डिलिव्हरीचा हिशेब मात्र सावधपणे करावा. दिवसाच्या जमेतून पेट्रोल किंवा गॅस, हप्ता, टायर, दुरुस्ती आणि विमा वजा केल्यावर काय उरलं, ती खरी कमाई. रात्री घरी आल्यावर खिशात दिसते ती नव्हे. बारा तास मिलच्या उष्णतेत राहून पुन्हा रस्त्यावर उतरणाऱ्याने अपघाताची जोखीमही त्यात धरावी.

आणि सापळे. घरबसल्या फॉर्म भरा, व्हिडिओला पसंती द्या, रोज हजार कमवा, असे निरोप या गल्ल्यांतल्या प्रत्येक मोबाइलवर येतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात, मग मोठ्या कामासाठी रक्कम भरायला सांगतात आणि माणूस नाहीसा होतो. डेटा एंट्रीच्या नावाखाली करार करून घेतात आणि पुढे कामात चुका झाल्या म्हणून वकिलाची खोटी नोटीस पाठवतात. घाबरलेली मुलगी घरी न सांगता पैसे भरते. नियम सोपा आहे: काम द्यायच्या आधी जो पैसे मागतो, तो काम देत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

अमळनेरहून सुटलेला धागा

दोन कामं करण्यावरून देशभर जो वाद झाला, त्याचा एक धागा खानदेशातच आहे. सुरतेला येणाऱ्या त्याच तापीच्या रेल्वेमार्गावर अमळनेर आहे. तिथे प्रताप शेठजींची कापड गिरणी होती आणि तिथेच डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली, जी पुढे विप्रो झाली. अमळनेरमध्ये विप्रोच्या शेअरांनी श्रीमंत झालेल्या घरांच्या कथा खानदेशात घरोघर ऐकवल्या जातात. २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरी करताना दुसरीकडेही काम करणं म्हणजे सरळ फसवणूक आहे, असं मत मांडलं आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना कंपनीने काढलं. त्याच वर्षी स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचं काम करायला परवानगी देणारं धोरण जाहीर केलं. देशभर चर्चा झडल्या.

त्या चर्चेतला एक मुद्दा रास्त होता: मालकाचं गुपित दुसऱ्या मालकाला विकू नये. पण सगळी चर्चा पुरेसा पगार असलेल्या माणसांभोवती फिरली. त्याच खानदेशातून सुरतेला आलेला कामगार दोन-दोन कामं करतो, तेव्हा त्याच्याकडे विकायला कुठलंच गुपित नसतं. त्याच्याकडे असतात फक्त तास. निष्ठेची अपेक्षा ठेवायची तर आधी एका कामात घर चालेल एवढी मजुरी द्यावी लागते, आणि हे तत्त्व संगणकाच्या कंपनीला जितकं लागू आहे तितकंच लूमखात्यालाही.

तासाचा हिशेब

जोडकमाईची निवड करताना चार प्रश्न विचारावेत, असं मला हे सगळं पाहून वाटतं. पहिला, सगळा खर्च वजा जाता तासाला किती पडतात? किमान वेतनाच्या तासापेक्षा बरेच कमी पडत असतील, तर ते काम तात्पुरतं आहे हे मनाशी पक्कं करावं आणि त्यातून बाहेर पडायची तारीख ठरवावी. दुसरा, या कामात गिऱ्हाईक कुणाचं? मधल्या माणसाचं असेल तर दर त्याच्या हातात राहणार. तिसरा, वर्षभराने माझ्याकडे काय उरेल? एखादं यंत्र, एखादं कौशल्य, एखादी नोंदणी, की फक्त पाठदुखी? आणि चौथा, हा वेळ घरातल्या कुणाचा घेतला जातोय? नवऱ्याच्या मेससाठी बायको पहाटे चारला उठत असेल तर ती कमाई दोघांची आहे, आणि बँकेतलं खातंही दोघांच्या नावाचं हवं.

ज्या घरांनी धागे कापण्याच्या पैशांतून भिशी लावली, भिशीतून शिलाई यंत्र घेतलं आणि यंत्र आल्यावर कातरी खाली ठेवली, त्यांनी दुसऱ्या पाळीचा खरा उपयोग केला. जादा कमाई ही चालत राहण्याची वाट आहे. तिच्यावरच मुक्काम केला तर ती माणसाला खाते.

पण सगळा भार माणसाच्या शहाणपणावर टाकणं अन्याय्य होईल. घरी काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता मिळाली की काय घडतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापुरात विडी कारखान्याचं पान-तंबाखू घरी आणून बायका विड्या वळतात. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा भविष्यनिर्वाह निधीचा हक्क मान्य केला. हातात ओळखपत्र आलं, मग संघटना उभी राहिली, आणि नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १०,००० घरांची. गुजरातेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ची नोंदणी करायला घेतली तेव्हा, मालक नाही तर कामगार संघटना कशी, असा आक्षेप आला होता. त्यांनी तो खोडून काढला आणि संघटना नोंदवून घेतली.

सुरतेतल्या साडीवर हात फिरवणाऱ्या बाईला हेच मिळालं पाहिजे. धागा कापणं, खडे लावणं, लेस जोडणं या कामांचे नगावरचे दर तासाच्या किमान वेतनाशी बांधून सरकारने जाहीर करावेत. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. राज्याच्या नियमांत घरी माल नेऊन काम करणारीची व्याख्या ठसठशीत राहावी. माल देणाऱ्याने तिला कार्ड द्यावं, त्यावर तारीख, नग आणि दर लिहावेत. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर तिची नोंद व्हावी, आणि गल्लीतल्या मंडळांनी कानबाईच्या उत्सवात एक टेबल या नोंदणीसाठी मांडावं. हे मंडळांना सहज जमेल. लूमखात्यांतल्या कामगारांना पगारपत्रक द्यावं आणि बारा तासांतल्या जादा तासांचा दुप्पट दर त्यावर लिहिलेला असावा.

आणि आपल्यापैकी जे सुरतची साडी घेतात, त्यांनीही एक करावं. बस्त्याला बसताना घासाघीस करायचीच, तर ती गादीवरच्या नफ्याशी करावी. भावातला शेवटचा रुपया कमी होतो तेव्हा तो बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या हिश्शातून जात नाही. तो खाली उतरत उतरत कातरी धरलेल्या हाताच्या दोन रुपयांपर्यंत पोहोचतो. बमरोलीतल्या माणसाला कष्टांचं कौतुक नको आहे, ते त्याने भरपूर ऐकलं आहे. त्याला पहिल्या पाळीचा पुरता पगार हवा आहे, म्हणजे दुसरी पाळी करायची की नाही हे त्याला स्वतः ठरवता येईल.